सारजाबाईंची पट्टी

भाड्याचे घर पाहायला आलेले माणूस आधी चूल कुठे मांडायची ते पाहते, मग पाणी किती लांबून आणावे लागेल ते विचारते. सारजाबाईंनी यांतले काहीच केले नाही. जुन्नरला आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या पाहायला त्या आल्या. वहाणा बाहेर काढल्या, मोठ्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि एक लांब, सरळ ‘आ’ लावला. मी किल्ली घेऊन दाराशी उभा होतो. समोरच्या ओट्यावरचा कुत्रा भुंकता भुंकता थांबला. हे मी सजवून सांगत नाही. कुत्रा खरोखरच थांबला.

‘भाऊ,’ त्या डोळे उघडून म्हणाल्या, ‘ही डावीकडची भिंत कच्च्या इटांची हाय न्हवं?’

‘हो. पण वरून गिलावा आहे. कसे कळले?’

‘सूर खाती. ही समोरची दगडी, ती दिलेलं परत देती. ऱ्हाते मी हितं. हिच्याकडं तोंड करून बसत जाईन.’

मी तेव्हा मोजणी खात्यात नोकरीला होतो. साखळी टाकायची, झेंड्या रोवायच्या, शेताची लांबी-रुंदी कागदावर उतरवायची, हे माझे रोजचे काम. खोली अकरा हात लांब आणि सात हात रुंद आहे, असे मी सांगणार होतो. पण त्यांनी ती आपल्या रीतीने मोजून टाकली होती. तेव्हापासून मला या बाईंविषयी जे कुतूहल वाटू लागले ते आज इतक्या वर्षांनीही कमी झालेले नाही.

नाटकातली बाई घरात ठेवायची म्हटल्यावर माझ्या आईने कपाळाला हात लावला. ‘गाव काय म्हणेल, याचा काही विचार?’ असे ती दोनदा म्हणाली. माझी बायको यमुना चुलीपुढे भाकरी थापत होती. ती वर न बघता एवढेच म्हणाली, ‘रिकाम्या खोल्यांना वाळवी लागते.’ यमुनेचे बोलणे नेहमी असे, थोडके आणि इतके हळू की पुढच्या माणसाला वाकून ऐकावे लागे. पण त्या दिवशी तेवढे पुरले. सारजाबाई एक पत्र्याची पेटी, एक तंबोरा आणि एक चटई घेऊन राहायला आल्या.

त्या निरगुडसरच्या. बाप देवळात सनई वाजवणारा गुरव. मुलीच्या हाती सनई द्यायची नाही असा रिवाज. पण पहाटे बाप जे वाजवी ते ही शेण गोळा करता करता गळ्यातून काढी. बाप सराव करताना पाण्याच्या भांड्यात गवताची पोकळ काडी बुडवून फुंकत राही, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. हीही गोठ्यात बसून तेच करी. लग्न होऊन पेठ गावी गेली, नवरा गेला, आणि मग ती एका बायकांच्या नाटक कंपनीत शिरली. शतक नुकतेच पालटले होते. नाटकात बायकांची कामे पुरुष करीत आणि ती पाहायला आम्ही पुण्यापर्यंत गाडीचे धक्के खात जात असू. या कंपनीत सगळे उलटे होते. राजा, प्रधान, विदूषक, सगळ्या बायकाच.

सारजाबाईंच्या वरच्या ओठावर कातडीचा एक फिकट पट्टा होता. यमुनेने एकदा विचारले, भाजले का म्हणून. त्या मोठ्याने हसल्या.

‘मिशीचा डिंक, वैनी! लई राज्यं केली मी. रोज मिशी चिकटवायची, रोज उपटायची. राज्य गेलं, डाग ऱ्हायला.’

कंपनीच्या मालकीणबाई वारल्या तेव्हा पडदे एकाने नेले, पोशाख दुसऱ्याने नेले आणि माणसे वाटेला लागली. तरी सारजाबाईंचा रियाज रोज चालू होता. दगडी भिंतीकडे तोंड करून त्या बसत आणि एकच स्वर इतका वेळ धरून ठेवीत की ऐकणाऱ्याचाच दम कोंडे. दही, चिंच, मिरची, काही वर्ज्य नव्हते. मी म्हटले, गवई लोक गळ्याला फार जपतात. त्यावर उत्तर आले, ‘गळ्याला काय हुतंय? गळा म्हंजे नुसतं दार. घर पोटात हाय.’ आवाजाविषयी त्यांचे आणखी एक सांगणे होते, ते मला माझ्या धंद्यामुळे चटकन पटले. ‘आवाज मोठा करायचा नसतो भाऊ, सरळ करायचा असतो. तुमी झेंडी बघून रेघ धरता न्हवं? तसं. वाकडा आवाज धोंड्यासारखा जवळच पडतो.’

एका सकाळी यमुना दळायला बसली होती. जात्याच्या घरघरीखाली ती ओव्या म्हणे, पण त्या जात्यालाच काय त्या ऐकू जात. सारजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘वैनी, ही ओवी बाहेर काढायची हाय का गिळायची हाय?’

यमुना लाजून थांबली. ‘सवय नाही हो. लहानपणापासून हळूच.’

‘तेच तर! पोरगं रडलं तर म्हणत्यात, गळा चांगला हाय. पोरगी रडली तर म्हणत्यात, गप. अन् मोठं झाल्यावर बाप्येच सांगत्यात, बाईचा आवाज मुळात लहान असतो.’

मग यमुनेने आठवडाभर मनात असलेला प्रश्न विचारला. कंपनी नाही, नाटक नाही, तर हा रोजचा आटापिटा कशासाठी? सारजाबाई जात्याशेजारी बसल्या आणि त्यांनी पीठ सारता सारता सांगितले ते मी ओसरीवरून स्पष्ट ऐकले.

‘एक ऱ्हायलंय, वैनी. बाईचं पद बाई म्हणून, लुगडं नेसून, लोकांपुढं म्हणायचं ऱ्हायलंय. माझा गळा भरडा, खांदे रुंद. मालकीणबाई म्हणायची, तू राजाच. नाजूक गळ्याच्या पोरी राण्या व्हायच्या. राणी रडायची अन् मी तिची समजूत घालायची. मला कधी रडाया मिळालं न्हाई! आता गळा उतरणीला लागंल. त्याच्या आधी एकदा, बस.’

हे एवढे त्यांचे मागणे होते. पण जुन्नरसारख्या गावात ते कुणापाशी मागावे?

संधी आली ती वाकड्या वाटेने आली. गावातल्या शाळेवर कौले घालायची होती, म्हणून आमच्या हौशी मंडळींनी एक पौराणिक संगीत नाटक बसवायचे ठरवले. मंडळाचे प्रमुख तात्यासाहेब वकील. राणीचे काम तेल्याच्या आळीतल्या गणपतकडे होते. गणपत दिसायला देखणा, गळ्याने गोड, स्वभावाने गरीब. तात्यासाहेब स्वतः आमच्या घरी आले आणि सारजाबाईंना म्हणाले, ‘बाई, तुमचा राजा आम्ही नारायणगावला पाहिला होता. काय रुबाब, काय गाणे! तुम्ही आमच्या गणपतला जरा तयार करा. चालणे, बसणे, पदे.’

‘म्हंजे बाप्याला बाई कसं व्हायचं ते बाईनं शिकवायचं?’

‘तसेच.’

‘शिकवते की!’ सारजाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले ते मला दिसले, तात्यासाहेबांना दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात गणपत राणीसारखे चालून दाखवू लागला. हनुवटीला एक बोट, कमरेत झोका, पावले टिचभर. सारजाबाई ओसरीच्या पायरीवर बसून बघत होत्या.

‘कोण रं ही बाई? मी आजवर पाह्यली न्हाई.’

‘पुण्याला असेच चालतात, बाई.’

‘पुण्याला बाया चालत्यात का बाप्ये?’

‘बाप्ये,’ गणपत प्रामाणिकपणे म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला.

सारजाबाईंनी त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेली घागर ठेवली आणि विहिरीपासून आमच्या दारापर्यंत रोज खेपा घालायला लावल्या. आळीतल्या बायका काम टाकून बघायला जमत. ‘गणपतराव, आमची पण भरा की!’ ‘अगं, सून चांगली मिळाली, पण मिशा फुटल्यात!’ असे टोमणे पडत, आणि बिचारा भिजून चिंब होई. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाणी सांडेनासे झाले. मान सरळ झाली, पाय नीट पडू लागले. अंगणात खरोखर एक बाई चालत येते आहे असे वाटू लागले. सारजाबाई खूश झाल्या आणि त्यांनी तात्यासाहेबांना बोलावणे धाडले.

तात्यासाहेबांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. ‘हे काय चालणे? ही बाई वाटतच नाही!’

मागे उभ्या असलेल्या आळीतल्या बायका इतक्या हसल्या की माझी आईसुद्धा पदराआड हसली. तात्यासाहेबांना त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही. त्यांनी आयुष्यात शंभर नाटके पाहिली असतील. बाई कशी चालते ते त्यांना नाटकावरून ठाऊक होते. घरात, रस्त्यात, विहिरीवर चालणाऱ्या बायका त्यांच्या हिशेबात नव्हत्या. ते गेल्यावर सारजाबाई म्हणाल्या, ‘बाप्यानं लुगडं नेसलं की म्हणत्यात, काय कला! बाईनं मिशी लावली की म्हणत्यात, काय गंमत! अन् बाई लुगडं नेसून हुभी ऱ्हायली की म्हणत्यात, काय निर्लज्ज! मग आमी नेसायचं तरी काय, भाऊ?’

नाटक बाजारपेठेतल्या तांदळाच्या गोदामात व्हायचे होते, रविवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी. खेड्यांतल्या माणसांना दिवेलागणीच्या आत घरी पोचता यावे म्हणून. बसण्याची आखणी माझ्याकडे होती. पुरुष खाली, आणि बायकांना मागच्या भिंतीला लागून असलेला लाकडी माळा. माळ्यापुढे बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा, म्हणजे बायकांना स्टेज दिसावे आणि पुरुषांना बायका दिसू नयेत. सगळीकडे अशीच रीत होती.

तालमीसाठी पेटीवर हुसेनभाई बसले. त्यांचे घराणे कागद करणारे. चिंध्यांच्या लगद्यात बुडून बुडून त्यांचे हात मऊ पडले होते आणि त्या हातांनी ते पायपेटी अशी वाजवीत की पेटीच श्वास घेते आहे असे वाटे. गणपतची पट्टी, म्हणजे गाताना धरायचा पेटीवरचा मूळ सूर, काळी एक. सारजाबाईंनी पद म्हणून दाखवायला त्याच पट्टीत सुरुवात केली आणि लगेच थांबल्या.

‘हुसेनभाई, खाली गेले तर विहिरीत पडते, वर गेले तर आढ्याला डोकं आपटतंय. पट्टी बदला.’

‘बाई, तुमची काळी चार, याची काळी एक. नाटकात राणी ही आहे,’ हुसेनभाई गणपतकडे बोट दाखवून म्हणाले. ‘मी दोघांच्या मधे कुठे मरू?’

‘मरू नका. एकदा माझ्या पट्टीत धरा. मला गोदाम मोजायचं हाय.’

त्यांनी मला माळ्यावर चढवले. सांगितले, चिक खाली सोडा, त्याच्या मागे उभे राहा. आवाज पोचला तर चिकाच्या कडेने हात वर करा. आधी गणपत काळी एकमध्ये गायला. खाली गोड लागणारे त्याचे पद वर येईतो नुसती भुणभुण झाले. शब्द एकही कळेना. मी हात वर केला नाही. खालून सारजाबाईंचा आवाज आला, नेहमीच्या बोलण्याचा: ‘बघा! पद बाईचं, दुःख बाईचं, अन् बायांना ऐकूच येत न्हाई!’ मग हुसेनभाईंनी काळी चार धरली आणि त्या गायल्या.

‘दार ना मी लाविले गे, वाट उघडी ठेविली.’

नवऱ्याने टाकलेली राणी हातात दिवा घेऊन दारात उभी आहे, असे ते पद. तो आवाज नाजूक नव्हता. जाड, रुंद, जरा खरखरीत. पण बाणासारखा सरळ आला, चिकाच्या काड्यांतून आला आणि माझ्या मागच्या भिंतीवर आपटला. मी हात वर केला आणि खाली घ्यायला विसरलो. ‘पोचला!’ हुसेनभाई खालून ओरडले, जसे काही तारू किनाऱ्याला लागले.

खेळाला एक दिवस राहिला असताना गणपतचा घसा बसला. घागरीच्या पाण्याने भिजून बसला असे त्याची आई म्हणे. बोलता येई, पण स्वर लावला की नुसती हवा. पेठ, नारायणगावपासून माणसे यायची होती. तात्यासाहेब हुसेनभाईंना घेऊन धावत आमच्याकडे आले.

‘बाई, अब्रू तुमच्या हाती. गणपत उभा राहील, ओठ हलवील. तुम्ही आतून, पडद्याआडून गा. कुणाला कळणारसुद्धा नाही.’

‘मला कळंल की.’

‘म्हणजे?’

‘माझा आवाज जाईल तितं मी जाईन. आवाज पुढं अन् मी मागं, असं न्हाई व्हायचं.’

‘अहो, पण पुरुषांच्या नाटकात बाई स्टेजवर? लोक काय म्हणतील?’

‘तात्यासाहेब, मिशी लावून आले तर चालंल?’

तात्यासाहेब क्षणभर विचारात पडले. खरेच पडले. ‘हो,’ ते म्हणाले, ‘तसे चालेल.’

‘म्हंजे नाकाखाली केस चिकटवले की मी कलावंत. न्हाई चिकटवले तर कोण?’

आतल्या दाराशी यमुना उभी होती. दाराची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटे पांढरी पडली होती. शेवटी हुसेनभाईंनी तोड काढली. बाई स्टेजवर काम करणार नाहीत; पेटीशेजारी, कडेला, पण उजेडात बसतील आणि गातील. राणी गणपतच. तात्यासाहेब नाइलाजाने ‘बरे’ म्हणाले. सारजाबाईही बरे म्हणाल्या, पण ते लोक गेल्यावर म्हणाल्या, ‘बसून रडायचं. अर्धं तर अर्धं.’ त्यांचे अर्धे त्यांना पुरले नव्हते हे कुणालाही दिसले असते.

रविवारी गोदाम भरले. खाली माझ्या आखणीपेक्षा निदान दीडपट माणसे कोंबली गेली. वर माळा बायकांनी वाकला. यमुना आईला घेऊन गेली होती. आई नाटक पाहायला नव्हे, सून कुणाशी बोलते ते पाहायला आली होती, असे तिनेच मला नंतर सांगितले.

तिसऱ्या अंकात ते पद आले. गणपत दिवा घेऊन दारात उभा राहिला, मान सरळ, घागर तोलल्यासारखी. कडेला साध्या हिरव्या लुगड्यात सारजाबाई. हुसेनभाईंनी काळी चार धरली. सारजाबाईंनी पुढच्या खुर्च्यांकडे बघितलेच नाही. मान वर करून त्या माळ्याकडे बघत गायल्या.

पद संपले आणि गोदाम उठले. टाळ्या, शिट्ट्या, आणि मग आपल्या नाटकांतला तो ठरलेला हुकूम: ‘वन्समोअर! वन्समोअर, गणपतराव!’ तोवर रीत अशी होती की ओरड झाली की नटाने निमूट तेच पद पुन्हा म्हणायचे. वन्समोअर देणारे सगळे पुरुष. बायकांनी वन्समोअर दिल्याचे मी कुठल्याही गावी ऐकले नव्हते. गणपतने सवयीने नमस्कार केला आणि ओठ उघडायला तयार झाला. पण पेटी वाजेना. सारजाबाईंनी हुसेनभाईंच्या हातावर हात ठेवला होता.

‘मायबाप,’ त्या म्हणाल्या, आणि तो बोलण्याचा आवाजही शेवटपर्यंत सरळ गेला, ‘वन्समोअर कुणाला? ज्यांचे ओठ हलले त्यांना, का जिनं गायलं तिला? नाव घ्या, मग म्हणते.’

पुढच्या खुर्चीत तात्यासाहेब घाम पुसू लागले. मागून कुणीतरी ‘ही काय मग्रुरी?’ असे पुटपुटला. काही माणसे हसली, ते हसणे चांगले नव्हते. नाव घेणे साधी गोष्ट नव्हती. भर बाजारात, नात्यागोत्यातल्या माणसांपुढे, नाटकातल्या बाईचे नाव घेऊन तिचा गौरव करायचा! मी स्वतः तोंड उघडले असते की नाही हे मला आजही सांगता येत नाही. सारजाबाई वाट बघत होत्या. हुसेनभाईंच्या हातावरचा हात त्यांनी उचलला नाही. त्या क्षणी कुणी बोलले नसते तर त्या पुन्हा कधी गायल्या नसत्या, असे मला वाटते.

आणि मग चिकामागून आवाज आला.

‘सारजाबाई! वन्समोअर, सारजाबाई!’

तो आवाज मला ओळखू यायला एक क्षण लागला. बारा वर्षांच्या संसारात तो इतका मोठा मी ऐकलाच नव्हता. यमुना! पाठोपाठ दुसरा आवाज, तिसरा, आणि मग अख्खा माळा. ‘सारजाबाई! सारजाबाई!’ बांगड्यांचा, पायांचा, फळ्यांचा असा गजर झाला की वर साठवलेल्या भाताचा भुसा पुरुषांच्या पागोट्यांवर पडू लागला. कुणीतरी दोरी ओढली आणि तो चिकाचा पडदा खडखडत वर गेला. ओळीने बायका उभ्या. पहिल्या ओळीत यमुना, पदर कमरेला खोचलेला, तोंड लालबुंद; आणि तिच्याशेजारी आई, तिचा दंड धरून. ओढायला धरला होता की आधाराला, ते मी आईला कधी विचारले नाही.

खालचे पुरुष माना मागे वळवून बघत राहिले, मग पेटीच्या बाजूने एका पुरुषानेही नाव घेतले. ते हुसेनभाई असावेत. मग सगळ्यांनी घेतले. मीही घेतले.

गणपतने त्या वेळी जे केले त्याबद्दल मला त्याचा फार अभिमान आहे. तो पेटीपाशी आला, हातातला दिवा त्याने सारजाबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या जागी स्वतः मांडी घालून बसला, शालू, दागिने, सगळ्यासकट. सारजाबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि स्टेजच्या मधोमध, त्या कापडी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘वन्समोअर म्हंजे परत तेच न्हवं, भाऊ. पहिल्या खेपेला जे ऱ्हायलं ते.’ तेव्हा मला ते नीटसे कळले नव्हते. त्या दुपारी कळले. शब्द तेच, चाल तीच. पण पहिल्या वेळी ऐकवणारी गायिका होती आणि आता दारात एक बाई होती. तिने दार लावले नव्हते, आणि आता लावणारही नव्हती, कुणी येवो न येवो. त्या रडल्या नाहीत. इतकी वर्षे रडायला मिळावे म्हणून झुरलेली बाई, आणि ते पद त्यांनी जवळजवळ हसत म्हटले! रडणे वर चालले होते, माळ्यावर, मोकळ्या तोंडाने.

नंतर गावात आठ-पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. तात्यासाहेब म्हणत, बाईने शिस्त मोडली. पण शाळेवर कौले चढली हेही त्यांनी नाकारले नाही. आईने सारजाबाईंशी बोलणे सोडले नाही, उलट ‘तिला ताक देऊन ये गं’ असे ती यमुनेला सांगू लागली. आणि नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दळताना जात्याची घरघर ओवीखाली गेली. मी ओसरीवर दाढी करीत होतो. वस्तरा हातातच राहिला.

यमुनेला मी एकदाच विचारले, ‘तुला भीती नाही वाटली?’

‘वाटली की,’ ती म्हणाली, ‘पण त्या वाट बघत होत्या ना!’

सारजाबाई त्यानंतर आमच्याकडे दोन पावसाळे राहिल्या. मग निरगुडसरहून त्यांचा सख्खा भाऊ न्यायला आला; तो शेती करी, सनई त्याला येत नव्हती. बाप थकला होता आणि देवळापुढे पहाटेचे वाजवायला कुणी उरले नव्हते. ‘सनई हातात देणार का ते बघते,’ त्या म्हणाल्या. ‘न्हाई दिली तर गळा हाय.’ पेटी, तंबोरा, चटई, सगळे बैलगाडीत चढले. जाताना त्या एकट्याच पुढच्या खोलीत गेल्या आणि दगडी भिंतीला हात लावून आल्या.

गाडी हलली. आळी दारांत उभी होती. गाडी विहिरीपर्यंत गेली असेल नसेल, यमुना ओट्यावरून उतरून रस्त्याच्या मधोमध गेली आणि भर सकाळी, सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात ओरडली, ‘सारजाबाई! वन्समोअर!’

गाडी थांबली. सारजाबाई मागे वळल्या. मला वाटले, आता त्या गाणार. पण त्यांनी हसून मान हलवली.

‘माझं काही ऱ्हायलं न्हाई, वैनी!’ त्या तिथून म्हणाल्या. ‘आता तुमी म्हणा!’

आणि गाडीवाल्याला त्यांनी हाकायला सांगितले.

यमुना थोडी घुटमळली. एकदा आईकडे बघितले, एकदा माझ्याकडे. मग तिने तोंड गाडीकडे केले, झेंडीवर नजर धरावी तसे, आणि म्हणू लागली. ते पद नव्हे. तिची स्वतःची दळणाची ओवी. सुरुवातीला आवाज कापला, मग सरळ झाला. दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंतींमधून तो पुढे चालला, विहिरीवरून, तेल्याच्या आळीवरून. गाडी लहान होत गेली. रस्ता नारायणगावच्या बाजूला वळतो तिथवर साखळी टाकून मी ते अंतर पुष्कळदा मोजलेले आहे; एवढ्या लांब माणसाचा आवाज जाईल असे मी कुणाला सांगितले नसते.

वळणावर गाडीच्या बाहेर एक हात वर झाला. आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो खाली आला नाही.